ढोरडॉक्टर आप्पांचा अर्ज

आमचे आप्पा माणसांशी तुटक बोलत आणि जनावरांशी भरभरून. घरी पाहुणा आला तर 'या', 'बसा', 'चहा घ्या' एवढ्यावर त्यांचं बोलणं संपायचं. पण गोठ्यात शिरले की त्यांची जीभ सैल सुटायची. ताप आलेल्या म्हशीच्या कानामागे हात ठेवून ते तिची अशी चौकशी करायचे, जणू सासरहून दमून आलेली लेकच. "काय व्हयनं माय? कोनी मारं का तुले? पोट दुखस? थांब, आते पाहू." बैलाला ते 'राजा' म्हणत, आणि बैलाच्या मालकाला 'ए, आठे ये'. पशुधन पर्यवेक्षक ही त्यांची सरकारी ओळख. लोकांच्या तोंडी ते ढोरडॉक्टर होते आणि हेच नाव त्यांना आवडायचं.

मी त्यांची सून. माझं माहेर नंदुरबार शहरातलं, घरात कधी मांजरही पाळलेलं नव्हतं. मला पाहायला आले तेव्हा आप्पांनी एकच प्रश्न विचारला, "ढोरे पाहीसन भेव वाटस का तुले?" मी म्हटलं, "हो, वाटतं." आईनं मागून चिमटा काढला. आप्पा म्हणाले, "बरं. खोटं बोलनी नही." झालं. लग्न ठरलं. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला गोठ्यात नेलं, माझा तळवा म्हशीच्या मानेवर ठेवला आणि वर स्वतःचा हात ठेवून उभे राहिले. "पाच मिनिट. हालू नको." माझ्या हाताचा कंप थांबेपर्यंत त्यांनी हात काढला नाही. नंतर म्हणाले, "पाह्यं? तीबी तुले भी ऱ्हायंती." म्हणजे म्हैसही मला भीत होती.

नोकरीची बरीच वर्षं त्यांनी धडगाव भागात काढली. शहाद्याहून काळीपिवळी जीपनं घाट चढायचा, पुढे पायी पाड्यावर. खांद्याला औषधांची पिशवी, पिशवीत लाल साबणाची वडी. जनावराला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर ते कोपरापर्यंत हात धुवायचे. पाड्यावर पाणी लांबून आणावं लागतं म्हणून एका तांब्यात दोन्ही हात धुण्याची त्यांची एक पद्धत होती. तिकडे ते पावरी बोली शिकले. माणसांसाठी नव्हे, असं ते म्हणायचे. "ज्या घरमा ढोर वाढस त्या घरनीच बोली त्याले समजस. आपली अहिरानी ऐकीसन ते घाबरी जास."

तिकडचा एक प्रसंग त्यांनी मला एकदाच सांगितला. रायसिंग नावाच्या शेतकऱ्याचा बैल दरडीवरून घसरला होता. कंबर आणि मागचे दोन्ही पाय कामातून गेलेले. रायसिंग म्हणत होता, सुई द्या, उभा करा. आप्पांनी तपासून सांगितलं की हा आता उठणार नाही, चार दिवस ओरडून जाईल. रायसिंगनं होकाराची मान हलवली आणि तो घरात जायला वळला. आप्पांनी त्याचा दंड धरून त्याला परत बसवलं. जनावराला शेवटची सुई देताना मालकानं त्याचं डोकं मांडीवर घ्यायचं, हा त्यांचा नियम होता. "ज्याना हातनं खादं, त्याना हात तठे पाहिजे." बैल शांत झाल्यावर रायसिंग रडत बसला आणि आप्पा त्याच्या शेजारी. शेवटची काळीपिवळी निघून गेली, तरी ते उठले नाहीत.

हे ऐकून माझ्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना जिजी म्हणतो, शहारल्या होत्या. "जीव लेवाले हात कसा धजस तुमना?" आप्पा म्हणाले, "जीव मी नही लिधा. जीव दरडनी लिधा व्हता. मी तरास लिधा."

निवृत्तीनंतर आप्पा गावी आले. लोणखेड्यापासून जवळच आमचं गाव, पपई आणि मिरचीची शेती. माझे यजमान नितीन लोणखेड्याच्या कॉलेजात लिपिक, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सगळं सुरळीत चाललं होतं. एका सकाळी शेजारच्यांची व्यालेली गाय बसून राहिली म्हणून आप्पांना बोलावणं आलं. त्यांनी सलाइन लावली, औषध भरलं, आणि सिरिंजचा दट्ट्या त्यांच्या अंगठ्यानं दाबलाच जाईना. त्यांनी दुसऱ्या हातानं काम उरकलं. गाय तासाभरात उभी राहिली. घरी येऊन आप्पा मोरीत किती तरी वेळ हात धूत बसले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "हात मन्हं ऐकत नही."

पुढच्या तीन महिन्यांत कप पडले, सदऱ्याची बटणं लागेनाशी झाली, चालताना डावं पाऊल घासू लागलं. सुरतला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या करून 'मोटर न्यूरॉन' असं आजाराचं नाव सांगितलं आणि त्यावर औषध नाही हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी आम्हा तिघांना समोर बसवलं आणि एखाद्या शेतकऱ्याला त्याच्या गायीचं सांगावं तसं स्वतःचं सांगितलं. "पहिले हात जातीन. मंग पाय. मंग जीभ, मंग गिळनं. शेवट श्वास. डोकं मातर साबूत राही." मग म्हणाले, "तेच वाईट शे."

सगळं त्यांनी सांगितलं त्याच क्रमानं झालं. दीड वर्षात ते पलंगावर आले. आमचे दिवस त्यांच्याभोवती बांधले गेले. पहाटे पाचला मी आणि नितीन त्यांना कुशीवर वळवायचो, पाठ पुसायचो, पावडर लावायचो. जिजी दुधात भाकरी कुस्करून, गाळणीतून काढून, चमच्या चमच्यानं भरवायच्या. एका वाटीला तास लागायचा. घास चुकीच्या नळीत गेला की आप्पांचा चेहरा जांभळा पडायचा, मग त्यांना पुढं वाकवून पाठ थोपटायची. दुपारी नितीन कॉलेजातून येऊन पुन्हा कूस बदलायचा. चार वाजता मी शाळेतून यायची. आमच्या तिघांच्याही कमरा गेल्या. आम्ही एकमेकांशी फक्त कामाचं बोलू लागलो. लघवी झाली का, औषध दिलं का, पाठीवर लाल दिसतंय का. हसणं कधी बंद पडलं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

जिजींची कंबर फारच धरली तेव्हा आप्पांना अंघोळ घालण्याचं काम माझ्याकडे आलं. सुनेनं सासऱ्याला अंघोळ घालायची, दोघांनाही जड होतं. पहिल्या दिवशी त्यांनी डोळे घट्ट मिटून मान भिंतीकडे फिरवली. मी त्यांच्या हातावर हात ठेवून म्हटलं, "आप्पा, पाच मिनिटं. हलू नका." त्यांचे ओठ थरथरले. मला वाटलं रडताहेत, पण ते हसत होते. त्यानंतर अंघोळीची अडचण राहिली नाही.

त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते नितीनला. जीभ जड झाली होती, पण शब्द अजून कळत होते. नितीन त्यांची दाढी करत होता. आप्पा म्हणाले, "नितीन, बैलले जे देतस, ते माले दी टाक." नितीननं अर्धी दाढी तशीच ठेवली, वस्तरा बशीत ठेवला आणि बाहेर जाऊन मोटारसायकलवर बसला. गाडी सुरू केली नाही. नुसता हँडल धरून बसून राहिला. उरलेली दाढी मी केली.

मग त्यांनी मला विचारलं. ते मला 'मास्तरीन' म्हणायचे. त्यांचं अस्पष्ट बोलणं घरात सगळ्यांत जास्त मला समजे, कारण पहिलीतल्या बोबड्या मुलांचं ऐकून माझा कान तयार झालेला होता. "मास्तरीन, तू खोटं बोलत नही. तू भितबी नही आते. तू करशी." मी म्हटलं, "नाही आप्पा. मी भिते. आणि तुम्ही रायसिंगला डोकं धरायला सांगितलं होतं, सुई नव्हती दिली त्याच्या हातात. सुईचं काम आमच्या हातांना लावू नका. उद्या ह्याच हातांनी मला फळ्यावर लिहायचंय." आप्पांनी डोळे मिटले. दोन दिवस माझ्या हातचं खाल्लं नाही. चमचा जवळ नेला की तोंड घट्ट मिटून घ्यायचे. मलाही राग आला होता. इतकं करून वर हे, असं वाटत होतं. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा वाटत होतं.

आणि याहून लाजेची एक गोष्ट आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या हातून लापशी घेतली, आणि दुसऱ्याच चमच्याला त्यांना ठसका लागला. मी लगेच उठायला हवं होतं. मी बसून राहिले. किती वेळ? दोन श्वास, फार तर तीन. तेवढ्यात माझ्या मनात आलं, होऊन जाऊ दे आता. मग मी भानावर आले, त्यांना वाकवलं, पाठ थोपटली, घास निघाला. आप्पा धापा टाकत माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं दिसलं होतं. रागावतील असं वाटलं. ते हळू आवाजात म्हणाले, "उठनी काबर तू?" उठलीस कशाला, म्हणून.

त्यानंतर त्यांनी अर्जाचं काढलं. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेला माणूस. मागायचं तर रीतसर मागायचं. मी लिहायचं आणि त्यांनी सांगायचं. एका वाक्याला दहा मिनिटं लागायची. जन्मभर अहिराणीत बोललेले आप्पा अर्जापुरते कचेरीच्या भाषेत शिरले. 'मा. जिल्हाधिकारी साहेब. विषय: इच्छामरणास परवानगी मिळणेबाबत. महोदय, मी निवृत्त पशुधन पर्यवेक्षक असून सेवाकाळात बरी न होणारी अनेक जनावरे मी स्वहस्ते वेदनामुक्त केली आहेत. सदर सवलत मलाही लागू करण्यात यावी, ही नम्र विनंती.' सवलत हा शब्द त्यांचाच. मला वाटलं अर्ज संपला. पण त्यांनी आणखी एक वाक्य घालायला लावलं. 'माझे कुटुंबीय माझी उत्तम सेवा करीत असून त्यांच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही.' ते लिहिताना माझं अक्षर फिसकटलं. आप्पांनी कागद डोळ्यांसमोर धरायला सांगितला, बघितला आणि म्हणाले, "खाडाखोड चालत नही. परत लिख." मी सगळा अर्ज पुन्हा लिहिला.

नितीननं तो अर्ज कलेक्टर कचेरीत नेण्याआधी शहाद्याच्या आमच्या डॉक्टर मॅडमना दाखवला. त्या त्याच संध्याकाळी घरी आल्या. पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसल्या, अर्ज सबंध वाचला आणि म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही डॉक्टर, मीही डॉक्टर. म्हणून सरळ सांगते. हे मला देता येत नाही. कलेक्टरांनाही नाही. आपल्या देशात ही परवानगी कोणालाच नाही."

"म्हंजे ढोरपेक्षा आमना हक कमी?" आप्पांनी विचारलं. मी मॅडमना ते समजावून सांगितलं.

"या बाबतीत कमी," त्या म्हणाल्या. त्यांनी सारवासारव केली नाही, याचं मला फार बरं वाटलं. मग त्यांनी दुसरी वाट सांगितली. पुढे गिळणं बंद झालं की नाकातून नळी घालायची की नाही, श्वास थकला की मशीन लावायचं की नाही, हे आधीच लिहून ठेवता येतं. नको म्हणण्याचा हक्क कायद्यानं आहे. नोटरीसमोर, दोन साक्षीदारांसह कागद करायचा. "आणि श्वासाचा त्रास होईल तेव्हा मी औषध देईन. मरणासाठी नाही, त्रासासाठी. तुम्हाला तडफडू देणार नाही. एवढं माझ्याकडून घ्या."

आप्पा म्हणाले, "हाई अर्धं शे." आणि तोंड फिरवलं. पुढचे आठ दिवस अर्ज पाठवा, अर्ज पाठवा हाच धोशा. नितीन उद्या जातो, परवा जातो म्हणत टाळत होता. अर्ज देव्हाऱ्याखालच्या खणात पडून होता.

आणि एके दिवशी मी शाळेतून आले तर आप्पा शांत पडलेले. मला बघून म्हणाले, "मास्तरीन, डॉक्टरीनबाईले फोन कर. तो कागद करी टाकू." मी पुन्हा विचारलं. म्हणाले, "हो, अर्धावालाच." सुटकेची गोष्ट त्यानंतर त्यांनी कोणाकडे काढली नाही. ना नितीनकडे, ना माझ्याकडे. आम्हाला वाटलं, मॅडमचं बोलणं हळूहळू आत उतरलं असेल.

नोटरी वकील घरी आले. साक्षीला शाळेतले माझे मुख्याध्यापक आणि शेजारचे, त्या गायीचे मालक. वकिलांनी विचारलं, कोणाचा दबाव आहे का? आप्पा म्हणाले, "मन्ही मर्जी." हात उचलत नव्हता, म्हणून जिजींनी त्यांचा अंगठा शाईला लावला आणि कागदावर टेकवला. टेकवल्यावर क्षणभर तसाच दाबून धरला. एक प्रत ग्रामपंचायतीत द्यायची होती. ग्रामसेवक भले गृहस्थ, पण असला कागद त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. त्यांनी नितीनला विचारलं, "हे कुठल्या रजिस्टरला चढवू? जन्माच्या की मृत्यूच्या?" नितीननं घरी येऊन हे सांगितलं, आणि आप्पा इतके हसले की ठसका लागला. मी या वेळी लगेच उठले.

नंतरचे पाच महिने कसे गेले ते मी सांगत नाही. ज्यांनी घरात असं माणूस सांभाळलंय त्यांना ते माहीत आहे. शब्द गेले, फक्त डोळे उरले. वर बघितलं की हो, मिटले की नाही. पण एक सांगते, घरातलं वातावरण पालटलं होतं. आप्पांची आमच्याकडे काही मागणी उरली नव्हती, आणि म्हणून आम्ही त्यांच्या खोलीत भीती न बाळगता जाऊ लागलो. नितीन त्यांना पपईच्या बागेतल्या गोष्टी सांगायचा. मी शाळेतल्या मुलांच्या खोड्या सांगायची. जिजी काहीच न सांगता पाय चेपत बसायच्या.

पावसाळा सरता सरता त्यांच्या छातीत कफ भरला. श्वास वर लागला. सुरतहून माझी नणंद वैशाली आली ती अँब्युलन्स घेऊनच. तिनं तिच्या यजमानांच्या ओळखीनं दवाखान्यात खाट ठरवली होती. मी कागद पुढे केला तर तिनं तो माझ्या हातातून ओढून घेतला. "कागदाचं काय मला सांगता वहिनी? थकलात तुम्ही, म्हणून त्यांना मारायचंय का तुम्हाला?"

थकले होते हे खरं होतं. त्या लापशीच्या सकाळचे दोन-तीन श्वास माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. मी भिंतीला टेकून उभी राहिले. बोलल्या त्या जिजी. "वैशू, त्या शुद्धवर शेतस. त्यासले इचार. आमले नको."

वैशाली पलंगाजवळ गेली. म्हणाली, "आप्पा, दवाखानामा जाऊ ना? मशीन लावतीन, बरं वाटी." आप्पांनी डोळे मिटले. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा मिटले. तिसऱ्यांदा तिला नीट बोलताच येईना, "मन्हा करता बी नही?" आप्पांनी तिच्याकडे खूप वेळ बघितलं. डोळ्यांतून पाणी ओघळलं. आणि डोळे मिटले. वैशालीनं बाहेर जाऊन अँब्युलन्स परत पाठवली. आत येऊन आप्पांचे पाय मांडीवर घेऊन बसली ती संध्याकाळपर्यंत. मी तिला चहा दिला तेव्हा तिनं माझा हात धरला.

मॅडमनी शब्द पाळला. रोज दोनदा येत होत्या. औषधानं धाप कमी झाली, कपाळावरच्या आठ्या गेल्या. चौथ्या दिवशी दुपारी, आमची जेवणं झाल्यावर, जिजी त्यांच्या हाताची नखं काढत होत्या. एका हाताची झाली, दुसरा हात घेतला, आणि म्हणाल्या, "गयात." इतक्या हळू की मला वाटलं नखाबद्दलच काही म्हणताहेत.

गावात कुजबूज झाली. पोरानं बापाला दवाखान्यात नेलं नाही, असं दहाव्याला कोणीतरी बोललंच. नितीनच्या मनाला ते लागलं. कित्येक महिने तो मध्येच विचारायचा, "आपण बरोबर केलं ना?" मी हो म्हणायची. मग मी त्याला तेच विचारायची आणि तो हो म्हणायचा. पहाटे पाचला आम्हाला आपोआप जाग यायची, आणि वळवायला कोणी नाही हे लक्षात यायला थोडा वेळ लागायचा. आमच्या शाळेतल्या एक बाई नवापूर भागातल्या. त्यांची आई चिंचपाड्याच्या दवाखान्यात शेवटच्या दुखण्यात होती. त्यांनी एकदा संकोचानं त्या कागदाबद्दल विचारलं. मी नक्कल दिली, आणि सोबत बसून सगळं सांगितलंही, अगदी लापशीच्या सकाळसकट. त्या म्हणाल्या, "हे कोणी सांगत नाही हो." म्हणूनच आज हे लिहितेय.

पण एक गोष्ट मला स्वतःलाच परवापर्यंत माहीत नव्हती. रविवारी सकाळी जिजी आणि मी ओसरीवर बसून वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडत होतो. बोलता बोलता मी म्हटलं, "जिजी, आप्पांनी ह्यांना विचारलं, मला विचारलं. तुम्हाला कधी विचारलं नाही, ते एक बरं झालं."

जिजींचे हात थांबले नाहीत. "इचारं ना. सम्दासना शेवट माले इचारं. तुमी दोन्ही कामले गयतात."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी हो म्हनं."

मी देठ खुडायची थांबले.

"मी सांगं, देसू. सुई कशी देतस ते सांगा, मी देसू. पन एक तुमले नि एक माले. तुमना मांगे मी आठे बशीसन काय करू?" त्यांनी मूठभर मिरच्या सुपात टाकल्या. "मन्हाकडे पाहतच ऱ्हायनात. मंग रडनात. आख्खं लगीन व्हयनं, त्यासले रडतांना मी तव्हयच पाह्यं. मंग म्हने, राहू दे. डॉक्टरीनबाईना कागद करी टाकू."

मी विचारलं, "जिजी, खरंच दिलं असतं तुम्ही?"

"ते मालेबी ठाऊक नही," जिजी म्हणाल्या. "पन त्यासले खरं वाटनं."

माझे डोळे भरून आले. पुसायला हात वर गेला, तसा जिजींनी तो मनगटाशी धरला.

"हात डोयाले नको लाऊ," त्या म्हणाल्या. "मिरचीना शे."